उजव्या हाताला काय?

किल्लीकाकांनी करवतीचं पातं कुलुपाच्या कडीवर टेकवलं, पण चालवलं नाही. मान वळवून त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला नेहमीचा प्रश्न विचारला.

"आत शिरल्यावर उजव्या हाताला काय?"

"कपाट," माणूस म्हणाला. जराही गडबडला नाही. "लाकडी. पण उभं नाही, पालथं पडलंय. डावीकडे पलंग, त्यावर छपराचे पत्रे आलेत. स्वयंपाकघराच्या दारात टेबल अडकलंय. आणि काका, दार जपून ढकला हं, मागे शिलाई मशीन आहे. अगदी दाराला लागून."

काका मनातून खूष झाले. वादळ झाल्यापासून त्यांनी हा प्रश्न कितीतरी लोकांना विचारला होता, पण इतकं चोख उत्तर कुणाकडून आलं नव्हतं. लोक चाचरायचे, आठवायला लागायचे, डाव्या-उजव्याचा घोटाळा करायचे. एका बहाद्दराने तर "उजव्या हाताला भिंत" असं सांगितलं होतं. त्याला काकांनी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

खाऱ्या पाण्याच्या वाऱ्याने कुलूप आतून गंजून गेलं होतं. तार घालून उपयोग नव्हता. काकांनी कडी कापली, दार बेताबेताने ढकललं, आणि ते खरोखरच मशीनला जाऊन टेकलं. फटीतून अंग चोरून ते आत गेले. कपाट पालथं. पलंगावर पत्रे. टेबल स्वयंपाकघराच्या दारात. माणसाचा शब्द न् शब्द खरा होता.

"कुणाचं घर म्हणालात?"

"मावशीचं. वादळापासून माझ्याकडेच आहे ती. पार वाळलीय हो. मशीन, मशीन करत असते दिवसभर."

माणूस नीटनेटका होता. शहरात धड वीज नव्हती, तरी त्याच्या शर्टाच्या बाहीला इस्त्रीची घडी होती. त्याने मजुरीत घासाघीस केली नाही. पाठीचं दुखणं सांगून तो एवढंच म्हणाला, "काका, जरा हात लावता का?" आता इतक्या चांगल्या माणसाला नाही कसं म्हणणार? मशीनवर एक हिरवा रेनकोट पांघरून बाह्यांना गाठी मारल्या होत्या. माणसाने तो सोडून त्याची घडी केली आणि स्वतःच्या हाताने काकांच्या खांद्यावर ठेवली.

"नाहीतर लागेल तुम्हाला."

मशीनचं बिडाचं पायडल-स्टँड त्या घडीवर तोलत काका तीन जिने उतरले. खाली हातगाडी उभी होतीच. त्यांनी दोघांनी मिळून मशीन चढवलं, मागोमाग कपाट आणलं, पलंग आणला. रेनकोट माणसाने काकांच्याच हातात ठेवला. "असू द्या. तुमच्या टपरीच्या छपराला होईल." मग काकांनी दाराला आपल्याकडचं नवं कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या त्याला दिल्या, आणि खांदा चोळत घरी गेले.

उजव्या हाताचा हा प्रश्न वादळाने जन्माला घातला होता. पाणी ओसरल्यावर शहरात दोन प्रकारची घरं उरली. काहींना दारंच नव्हती, आणि काहींना दारं होती पण किल्ल्या नव्हत्या. घरमालक कुठल्या कुठल्या छावण्यांत विखुरलेले. कागदपत्रांचा लगदा झालेला. जो येईल तो म्हणायचा, हे माझं घर, किल्ली पाण्यात गेली, उघडून द्या. त्यातले काही खरे होते. काही दुपारी सामान नेऊन संध्याकाळी दुसऱ्या गल्लीत "माझं घर" शोधत होते.

तेव्हापासून माणसांचा माणसांवरचा विश्वास उडाला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, इथे तर लोक पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. गॅसच्या टाक्यांना साखळ्या आल्या. कुणाच्या छपरावर नवा पत्रा दिसला की शेजारी उन्हात उभे राहून तो कुठे पाहिल्यासारखा वाटतो का, हे आठवत बसायचे. गल्लीगल्लीत गस्त सुरू झाली. या भागातल्या गस्तीचे पुढारी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी जाहीर करून टाकलं, किल्लीकाकांनी खात्री केल्याशिवाय एकही कुलूप तुटणार नाही. काकांचा शब्द म्हणजे शिक्का.

काका मुळातच संशयी. कुलपाच्या धंद्यात भाबडा माणूस टिकत नाही, असं ते म्हणत. आता तोच संशय सद्गुण ठरल्यावर त्यांचा चेहरा जरा रुंद झाला होता. काकी मात्र त्यांना ओळखून होत्या.

"तुम्हाला न्यायला यम आला," खांद्याला तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, "तरी त्याला विचाराल, तुझ्या घरात उजव्या हाताला काय?"

"विचारीन. आणि चाचरला तर परत पाठवीन."

"पण लोकांची ओझी वाहायला तुम्ही काय हमाल आहात? आणि तो भाचा मावशीचं मशीन घेऊन गेला, पण मावशीला कुणी पाहिलीय का?"

"संशय घ्यायला घरात मी एकटा पुरे आहे," काका म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी काकींनी तो रेनकोट टपरीवर ताडपत्रीच्या फाटलेल्या भागावर टांगला. खांदा दुखायचा काही थांबला नाही. कानस मारताना कळ थेट मानेपर्यंत जायची, पण एका म्हातारीचं मशीन आपण तिला पोचतं केलं, या विचाराने ती कळ काकांना गोडच वाटायची.

टपरी चौकात होती. चौकात वादळाने आणून टाकलेली एक मच्छीमारी होडी तिरकी रुतून बसली होती. तिला हलवायला येणारं यंत्र काही येत नव्हतं, तेव्हा लोकांनी तिला शहरात सामावून घेतलं. पत्ता सांगताना "होडीच्या अलीकडे", "होडीच्या पलीकडे" असं सांगायचे. एका न्हाव्याने तर तिच्यात आरसा लावून खुर्चीच मांडली होती. गिऱ्हाइकाला शिडी चढून दाढीला जावं लागे.

त्या होडीच्या सावलीत ती बाई उभी होती. काकांच्या लगेच लक्षात आलं, कारण ती दाढीची वाट पाहत नव्हती हे उघड होतं. पन्नाशी उलटलेली. अंगातले कपडे वाटपातले, पण मापात आणलेले, टीप सरळ. एक पाय जपून टाकत होती. ती टपरीकडे बघत होती, मग मान फिरवत होती, पुन्हा बघत होती. काकांनी कानस खाली ठेवली नाही, पण डोळा तिच्यावर ठेवला. टेहळणी करणारी माणसं अशीच उभी राहतात.

शेवटी ती आली.

"एक कुलूप उघडून द्यायचं होतं."

"किल्ली?"

"पाण्यात गेली. छावणीत नेणाऱ्या होडीत चढवताना पिशवी सुटली हातातून."

सगळ्यांचीच पिशवी हातातून सुटली होती. काकांनी मान डोलवली. "घर कुठे?"

"इथून तिसरी गल्ली. टोकाची इमारत. सगळ्यात वरची खोली."

कानस थांबली. मग काकांनी ती पुन्हा चालवली, जणू काही ऐकलंच नाही. आत मात्र त्यांना एक थंड समाधान वाटलं, गळाला काही लागल्याचं. ही बाई नेमकी त्या खोलीवर हक्क सांगायला आली होती, जिच्या दारावर त्यांनी स्वतः कुलूप लावलं होतं. तसं सांगून तिला हाकलता आलं असतं. पण काकांना ती पुरती सापडायला हवी होती.

"आत शिरल्यावर उजव्या हाताला काय?"

बाईने लगेच उत्तर दिलं नाही. तिची नजर वर, रेनकोटावर गेली आणि तिथेच रेंगाळली. उत्तर जुळवायला वेळ घेतेय, काकांनी मनात नोंद केली.

"कपाट," ती म्हणाली. "भिंतीला लावून उभं. आरशाचं."

उभं म्हणे! काकांनी चेहरा सपाट ठेवला. "स्वयंपाकघराच्या दाराशी?"

"काही नाही. पडदा आहे."

"टेबल?"

"आतल्या खोलीत. ओट्यालगत."

"आणि मशीन?"

बाईने आता रेनकोटावरची नजर काढली आणि काकांकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खिडकीखाली," ती सावकाश म्हणाली.

एकही उत्तर बरोबर नव्हतं. काका हात पुसत उठले. "चला. पण हेडमास्तरांना बरोबर घेऊ. नियम आहे तसा."

"घ्या की. मीच म्हणणार होते, कुणीतरी साक्षीला असू दे."

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा, काकांना वाटलं. पण त्या शांतपणाने ते जरा बिचकलेही.

तिघं निघाले. भिंतींवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ अजून होती. कुणी तिच्यावर चुना फासला होता, पण ओलीवर तो चुना धरत नव्हता. दारांसमोर गाद्या उन्हात पडल्या होत्या आणि प्रत्येक गादीशेजारी कुणीतरी राखणीला बसलं होतं. बाई पुढे होती. रस्ता विचारत नव्हती, पण पत्ता पाठ करणं काही अवघड नसतं.

"खात्री आहे ना?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

"अहो, मी स्वतः आत जाऊन आलोय. एकूण एक खोटं सांगितलंय बाईनं. माझ्या हातून चोराला सोडून संन्याशाला फाशी झालीय का कधी?"

हेडमास्तरांनी काठी जरा जोराने टेकली आणि आवाज चढवला. "बाई, इथे तुम्हाला ओळखणारं कुणी आहे?"

"कोपऱ्यावरचा वाणी ओळखायचा. खालची बिऱ्हाडं ओळखायची."

"वाणी परतलेला नाही. खालच्या बिऱ्हाडांपैकीही कुणी आलेलं नाही."

"माहिती आहे," बाई म्हणाली. "आधी त्यांच्याकडेच गेले होते मी."

जिने चढायला तिला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय, मग दुखरा. वर पोचल्यावर ती दारापाशी थांबली आणि बोटाने कुलपाला शिवली.

"नवं आहे."

"मीच बसवलंय," काका म्हणाले. त्यांना वाटलं होतं, आता हिची पाचावर धारण बसेल. तिने फक्त मान हलवली.

स्वतःच्या कुलपाला तार घालायला काकांना कितीसा वेळ लागणार? दार उघडलं. बाई पळून जाऊ नये म्हणून हेडमास्तर काठी आडवी धरून दारातच उभे राहिले. खोली रिकामी होती. एका बाजूला पत्र्यांचा ढीग, स्वयंपाकघराच्या दारात ते अडकलेलं टेबल, वर छपराच्या भगदाडावर कुणीतरी घाईने ओढलेली ताडपत्री. तिच्यातून येणारा निळसर उजेड जमिनीवर हलत होता.

बाई ओरडली नाही, कपाळाला हात लावला नाही. ती आत गेली. खोलीच्या मध्यावर येताच तिने मान खाली घातली, पुढे एक पाऊल टाकलं आणि मान पुन्हा वर केली.

काकांनी वर पाहिलं. तिथे एक आडवी तुळई असणार, बरीच खाली आलेली. दोन्ही भिंतींत तिच्या खोबणी उघड्या पडल्या होत्या. तुळई छपराबरोबर गेली होती. बाई नसलेल्या तुळईखालून वाकून गेली होती, आणि आपण वाकलो हे तिच्या गावीही नव्हतं.

कितीतरी खोटारडे काकांनी पाहिले होते. पण पाठांतर करून कुणाची मान अशी वाकत नाही.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः पाहिलं. दारातून उजव्या हाताला. भिंतीचा रंग धुराने आणि वर्षांनी पिवळा पडला होता, पण मधोमध एक उभा चौकोन स्वच्छ होता, माणसापेक्षा उंच, कपाटाच्या रुंदीचा. तिथे वर्षानुवर्षं कपाट उभं होतं. मागच्या वेळी काका जमिनीवर पडलेल्या कपाटाकडे बघत राहिले होते. भिंतीकडे कोण बघतं?

ज्याने घर छप्पर उडायच्या आधी सोडलं, त्याला कपाट उभंच आठवणार. ते पालथं पडलंय हे ज्याला ठाऊक होतं, तो वादळानंतर आत येऊन गेलेला होता. आणि दाराला तर बाहेरून गंजलेलं कुलूप होतं. तो वरून आला होता, त्या भगदाडातून. हाताला लागेल ते वर नेता आलं असतं, पण मशीन नाही. ते त्याने दारापर्यंत ओढून ठेवलं आणि तो दार उघडून देणारा माणूस शोधायला गेला. त्याला असा माणूस मिळाला, जो चोख उत्तरावर भाळायचा. एवढंच नाही, तर खांदाही द्यायचा.

"काय काका?" हेडमास्तर म्हणाले. "सांगा मग. हिचं घर आहे की नाही?"

'नाही' म्हणणं फार सोपं होतं. काकांचा शब्द म्हणजे शिक्का. बाई गस्तीच्या ताब्यात गेली असती, तिच्या बाजूने बोलायला एक माणूस नव्हता, आणि टपरी उद्याही तशीच चालली असती. 'आहे' म्हटलं तर पुढचा प्रश्न येणारच होता, मग सामान कुठे गेलं? काकांना भीती वाटली. साठी गाठलेल्या माणसाला वाटू नये इतकी. त्यांचा हात आपसूक दुखऱ्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आहे," ते म्हणाले. "यांचंच आहे."

हेडमास्तरांच्या भुवया वर गेल्या. "पण तुम्ही तर आत्ताच म्हणालात, एकूण एक खोटं. आणि सामान? तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं. यांचा भाचा आला होता. म्हणजे, भाचा असं त्यानं सांगितलं. मावशीसाठी नेतो म्हणाला. इस्त्रीचा शर्ट..." काकांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता. चाचरणारा. जिन्यावरून परत पाठवायच्या लायकीचा.

"मला बहीण नाही," बाई म्हणाली. "भाचा कुठून येणार?"

खोलीत ताडपत्री फडफडली. बाई खिडकीखाली जाऊन उभी राहिली होती. तिथे फरशीवर तेलाचा जुना काळा डाग होता. तिने दुखरा पाय त्या डागावर ठेवला.

"हेडमास्तर, मी चौकात सकाळपासून उभी होते. यांच्या टपरीवर हिरवा रेनकोट टांगलाय, तो माझा आहे. निघताना मशीनवर टाकला होता मी, बाह्या बांधून. उजव्या कोपराला आतून निळं ठिगळ आहे, बघून घ्या. म्हणून यांच्याकडे आले. माझं घर कुणी फोडलं, ते मला बघायचं होतं." ती थांबली. "आणि मशीनचं मी काही बोललेच नव्हते. ते यांनी विचारलं."

बाईसाठी आडवी धरलेली काठी हेडमास्तरांनी खाली घेतली होती. ती त्यांनी पुन्हा उचलली आणि ते दाराच्या मधोमध येऊन उभे राहिले. या वेळी त्यांचं तोंड काकांकडे होतं.

काकांना बरंच सांगायचं होतं. आपण मजुरीखेरीज काही घेतलं नाही, आपण चोर नाही, आपल्याला फसवलं गेलं. पण त्यांना आतापर्यंत जिन्यावरून परत पाठवलेली माणसं आठवायला लागली. चाचरणारी, डावं-उजवं चुकणारी, "कपाट होतं हो, उभं होतं" म्हणणारी. त्यांतली किती जण गप्प खाली उतरून गेली होती, कुणास ठाऊक.

"पोलिसांचं काय ते तुमचं तुम्ही बघा," बाई काकांना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. "मला एकच सांगा. छप्पर गेलं तेव्हा मी छावणीत होते. रात्रभर हाच विचार करत होते की पाऊस आत येत असेल. पोट आहे हो माझं त्याच्यावर. शेवटचं तुम्हीच पाहिलंत ना? मशीन कोरडं होतं का?"

काकांनी खांद्यावरचा हात काढला नाही.

"कोरडं होतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "फार जड होतं, बाई."